बाबांच्या गाडीचं टॅपेट

आमच्या सोसायटीत रोज सकाळी गाड्या चालू होतात आणि कुठेही जात नाहीत. बनियन आणि बर्म्युडावर पुरुषमंडळी खाली येतात, फडक्याने काच पुसतात, चावी फिरवतात, पाच मिनिटं गाडी घुरघुरत ठेवतात आणि बंद करून नाश्त्याला वर जातात. बॅटरी उतरू नये म्हणून, असं सगळे म्हणतात. जोगेश्वरीत गाडी बाहेर काढली की परत येईपर्यंत आपल्या जागेवर दुसऱ्याची स्कूटर उभी असते, त्यामुळे कोणी काढत नाही. गणपतीला गावी जायला ती निघते आणि घरातलं एखादं लग्न असलं तर. बाकी वर्षभर ती कंपाउंडमध्ये उभी असते आणि तिची बडदास्त ठेवली जाते.

माझ्या बाबांचा या कामात पहिला नंबर होता. आंघोळ झाली की ते देवाला लावलेल्या उदबत्त्यांतली एक घेऊन खाली जायचे, ती स्टेअरिंगभोवती फिरवायचे आणि मग चावी फिरवायचे. आजोबा गिरणीत होते, बाबा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात मशीनवर. घराण्यातली पहिली गाडी त्यांनी निवृत्तीनंतर घेतली, तीही सेकंडहँड. रविवारी पहाटे आरे कॉलनीच्या रस्त्यावर ती चालवायला शिकले. मागच्या सीटवर आई आणि मी जीव मुठीत धरून बसायचो, आणि तबेल्यातून निघालेल्या म्हशी आमच्याकडे दयेने बघायच्या. मला शिकवा म्हटलं तर म्हणायचे, "तुझ्या हातात स्टेअरिंग दिलं तर तू समोरच्याला उतरून मारशील." मी शाळेत शिकवते. माझा राग शाळेत आणि सोसायटीत दोन्हीकडे माहीत आहे, त्यामुळे यावर मी फार वाद घातला नाही.

मग बाबांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. हॉस्पिटलातून घरी आणलं तेव्हा डॉक्टर म्हणाले, किती समजतंय ते सांगता येत नाही, तुम्ही बोलत राहा. आम्ही बोलत राहिलो. बाहेरच्या खोलीत खिडकीला लागून लोखंडी कठड्याचा पलंग टाकला आणि त्यावर बाबा छताकडे बघत पडून राहिले. आई चमच्याने भरवायची, अर्धं ओघळायचं. मी पेपर वाचून दाखवायचे, भाच्याचे फोटो दाखवायचे, जुन्या शेजाऱ्यांच्या कागाळ्या सांगायचे. ज्या माणसाला कागाळ्यांचा इतका तिटकारा, तो निदान चिडेल तरी, असं वाटायचं. ते चिडतही नव्हते. मला त्या दिवसांत घरी येताना जिना चढावासा वाटायचा नाही. दुसऱ्या मजल्यापर्यंतचा जिना, पण पाय जड व्हायचे.

समोरच्या ब्लॉकमधल्या काकांनी मला जिन्यात गाठलं. हे काका बाबांचे कंपाउंडमधले जोडीदार, दोघांच्या गाड्या शेजारी शेजारी. ते म्हणाले, "बॅटरी मरेल गं. रोज जाऊन नुसती चालू कर. गिअर काढलेला आहे का तेवढं बघ."

गाडी चालवता येत नसली तरी चावी फिरवता येते. माझी शाळा दुपारची, सकाळी मी घरीच असते. दुसऱ्या दिवशी खाली गेले, गाडी चालू केली. इंजिनातून कट्कट्कट् असा बारीक, एकसारखा आवाज येत होता, कोणीतरी आतून नखाने डबा वाजवावा तसा. सगळ्याच गाड्यांचा येत असेल असं धरून मी पाच मिनिटं उभी राहिले, बंद केली आणि वर आले. दारात आई उभी होती.

"अगो, तेंनी बोट हलवल्यानी," ती म्हणाली.

आई गावाकडचं बोलणं फक्त घरात बोलते, आणि फार आनंद किंवा फार भीती असली की तेच तोंडात येतं. मी विचारलं, कुठलं बोट, कधी. गाडी चालू होती तोवर बाबा डाव्या हाताच्या पहिल्या बोटाने पलंगाचा कठडा वाजवत होते. गाडीच्या आवाजाबरोबर, अगदी त्याच तालावर. गाडी बंद झाली तसं बोट थांबलं.

माझा विश्वास बसेना, म्हणून दुसऱ्या दिवशी चावी काकांच्या हातात दिली आणि मी वर थांबले. खालून कट्कट् सुरू झाली. बाबांनी मान खिडकीकडे वळवली, आणि ते बोट उठलं. इतके दिवस डोळ्यांत काही नव्हतं, तिथे काहीतरी होतं. मी तिथेच खाली बसून रडले. आई मला म्हणाली, रडू नकोस, तेंका वाटात आपला कायतरी चुकला. त्यामुळे तोंडात पदर धरून रडले.

मग रोजचं ठरलं. मी खाली जाऊन गाडी चालू करायची, वर आईने बघायचं. आवाज सुरू झाला की बोट सुरू. काकांनाही मी वर बोलावून दाखवलं. ते खुर्ची ओढून बसले, बाबांचं बोट बघत राहिले आणि एकदम म्हणाले, "अगं, तो सांगतोय तुला. टॅपेट वाजतंय म्हणून सांगतोय. आयुष्य मशीनवर काढलेला माणूस, त्याला हा आवाज सहन होईल का?"

मला हे इतकं पटलं की मला आधी कसं सुचलं नाही याचाच राग आला. शेजाऱ्याचा मिक्सर खरखरला तरी बाबा स्क्रू ड्रायव्हर घेऊन त्याच्या दारात जायचे. कुठल्याही यंत्राची कुरकुर त्यांना सोसायची नाही. तर, एवढ्या मोठ्या आजारानंतर माझ्या बाबांनी माझ्याकडे एक गोष्ट मागितली होती. पाणी नाही, औषध नाही, भाच्याचे फोटो नाहीत. गाडीतला आवाज बंद कर. एवढंच. मी ते करणार होते.

नाल्याच्या कोपऱ्यावर एक मेकॅनिक बसतो. तो आला, बॉनेट उघडून कान लावला आणि म्हणाला, "टॅपेट लूज है मॅडम. टाइट कर देता हूँ, दस मिनट का काम." वरचं झाकण काढलं आणि बराच वेळ आत बघत बसला. पाना पिशवीत परत ठेवला. "इसमें तो सेटिंगच नहीं है," तो म्हणाला. मग त्याने मला समजावलं, आणि मला ते समजलं याचं त्याला आश्चर्य वाटलं, ज्याचा मला वेगळा राग आला. टॅपेट म्हणजे इंजिनातला व्हॉल्व्ह दाबणारा भाग, जुन्या गाड्यांत तिथे एक स्क्रू असतो. फट वाढली की आवाज येतो, स्क्रू फिरवून फट कमी करायची. या गाडीत स्क्रूच्या जागी बोटाच्या पेराएवढी डबी असते, प्रत्येक व्हॉल्व्हची वेगळी. इंजिन चालू झालं की तिच्यात तेल शिरतं, तेलाच्या दाबाने आतला दट्ट्या सरकतो आणि फट आपोआप भरून निघते. त्याला हायड्रॉलिक म्हणतात. ती नीट असली तर कोणाला हात लावायला लागत नाही, आणि बिघडली तर कोणाला हात लावता येत नाही.

"मग आता?" मी विचारलं.

"जाडा ऑइल डालते हैं. चुप हो जाएगा."

जाड तेल घातलं. दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी चालू केली तर आवाज दुप्पट. जाड तेल थंड असताना त्या बारीक भोकांतून शिरायला जास्तच वेळ लावतं, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी बॉनेटवर हात आपटला आणि वर धावले. बाबा जोरजोरात बोट वाजवत होते, कठडा घणघणत होता. मला वाटलं, केवढे चिडलेत. त्यांच्या कपाळावरून हात फिरवत मी म्हणत राहिले, "करते बाबा, करते. थोडा धीर धरा." आई वाटी घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि तिथूनच म्हणाली, "आज सगळा उपमा खाल्ल्यानी गो." मी म्हटलं बरं झालं, आणि गाडी बंद करायला पुन्हा खाली उतरले. माझं सगळं लक्ष त्या आवाजाकडे होतं.

काकांनी मरोळचं एक गॅरेज सुचवलं. तिथला मेकॅनिक साधारण माझ्या वयाचा, मराठी, आणि स्वतः येऊन गाडी घेऊन गेला. गॅरेजमध्ये त्याने इंजिनाचं वरचं झाकण काढून आत बघितलं, किती किलोमीटर झाले ते मीटरवर बघितलं आणि मला विचारलं, "गाडी चालवता की नाही तुम्ही?"

"रोज चालू करतो," मी म्हटलं. "न चुकता. माझे बाबा तर सणावारालाही चुकले नाहीत."

"किती वेळ?"

"पाच मिनिटं."

त्याने फडक्याला हात पुसले. "त्यानेच वाट लागली हो तिची," तो म्हणाला. इंजिन पाच मिनिटांत धड गरमच होत नाही. तेलात पाणी धरतं, न जळलेलं पेट्रोल उतरतं, त्याचा चिखल होतो आणि तो त्या डब्यांच्या भोकांत जाऊन बसतो. रोज थोडा, वर्षानुवर्षं. "महिनोन्‌महिने बंद ठेवली असती तर बॅटरी गेली असती फक्त. बॅटरी काय, नवीन बसते."

मी त्याच्यावर जाम उखडले. म्हटलं, तुम्हाला काय माहीत माझ्या बाबांनी गाडी कशी जपली ते. तो शांतपणे म्हणाला, "माहीत आहे ना ताई. आतून दिसतंय."

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, म्हणून जास्त लागलं. बाबा उदबत्ती घेऊन रोज खाली उतरत होते ते माझ्या डोळ्यांपुढे आलं. आमच्या सोसायटीतले सगळेच आले, आपापली गाडी प्रेमाने बिघडवत उभे असलेले. घरी आल्यावर मी हे कोणालाच सांगितलं नाही. बाबांना तर सांगण्याचा प्रश्नच नव्हता.

मरोळवाल्याने आधी योग्य ते पातळ तेल भरलं आणि म्हणाला, एकदा लांब फिरवून आणली तर चिखल सुटेल, बहुतेक आवाज जाईल. मला शेजारी बसवून त्याने गाडी आरेतून पवईपर्यंत नेली आणि परत आणली. इतक्या वर्षांनी मी त्या रस्त्याने गेले. म्हशी होत्या, झाडं बरीच कमी वाटली. कट्कट् आमच्याबरोबर गेली आणि आमच्याबरोबर परत आली. मग तो म्हणाला, इंजिन वरून उघडायला लागेल, सगळ्या डब्या नवीन. गाडी जुन्या मॉडेलची, डब्या लगेच मिळेनात. त्याने आवाजाचा व्हिडिओ काढून दुकानदारांना पाठवला, कोणी आज म्हटलं, कोणी उद्या. गाडी तिथेच अडकून पडली.

ते आठवडे वाईट गेले. सकाळ झाली की बाबा मान खिडकीकडे वळवून ठेवायचे. खाली आमच्या जागेवर कोणाची तरी स्कूटर. मी रोज सांगायचे, "दुरुस्तीला दिली आहे बाबा. येईल आता." मरोळला रोज फोन करून मी त्या माणसाच्या नाकी नऊ आणले. शाळेत पोरांवर ओरडत होते, घरी आईवर. आई बिचारी म्हणायची, तुझा बरोबर हा, तेंच्यासाठीच करतस तू.

शेवटी डब्या मिळाल्या, बसल्या आणि एका संध्याकाळी गाडी घरी आली. मेकॅनिकने चालू करून दाखवली. मी बॉनेटला कान लावला. आत काहीच वाजत नव्हतं, नुसतं एक मऊ घूं. त्याच्याही चेहऱ्यावर समाधान होतं. मला तर त्याला मिठी मारावीशी वाटली, जी माझ्या स्वभावात नाही.

सकाळी चावी काकांकडे देऊन मी बाबांजवळ बसले. मला ते बघायचं होतं. आवाज बंद झालाय हे त्यांना कळेल, चेहरा कसा होईल, कदाचित हसतील, कदाचित माझ्याकडे बघतील. बाबांनी नेहमीच्या वेळेला मान वळवली. बोट कठड्यावर आणून ठेवलं. खाली काकांनी गाडी चालू केली, गाडीच्या खिडकीतून मला हात केला. गाडी चालू होती. दुसऱ्या मजल्यावर काही ऐकू येत नव्हतं. रस्त्यावरच्या रिक्षा, कुकरची शिट्टी, कोणाचा तरी टीव्ही, त्यात तो मऊ आवाज विरून गेला होता. बाबा वाट बघत राहिले.

"चालू आहे बाबा," मी म्हटलं. "आवाज गेला. दुरुस्त केली आपण."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पुन्हा खिडकीकडे बघितलं. बोट थोडा वेळ कठड्यावर होतं, मग हात पांघरुणात गेला. आईने उपम्याचा चमचा पुढे केला तर तोंड उघडलं नाही.

मी तो दिवस मनावर घेतला नाही. दुसराही नाही. मग मात्र माझं धाबं दणाणलं. पलंग उंच करून त्यांना खिडकीतून गाडी दाखवली, ते बघायचे, पण उभी गाडी आणि चालू गाडी वरून सारखीच दिसते. काकांनी हॉर्न वाजवला, बाबा दचकले, आणि तळमजल्याच्या वहिनी भांडायला आल्या. मरोळवाल्याकडून तो जुना व्हिडिओ मागवला आणि फोन बाबांच्या कानाशी धरला. कट्कट् तीच होती. त्यांनी क्षणभर ऐकलं आणि डाव्या हाताने फोन बाजूला सारला. हळूच सारला, लहान मुलाने दिलेली खोट्या चहाची कपबशी आपण ठेवून देतो तसा. खाणं अर्ध्यावर आलं. डोळे पुन्हा छताकडे गेले.

काका एकदा चाचरत म्हणाले, "म्हणजे त्याला तो आवाज आवडत होता की काय गं?" मी त्यांना इतकं लागट बोलले की ते दोन दिवस वर आले नाहीत. पण मला माहीत नव्हतं. अजूनही नाही. ते तक्रार करत होते, आणि आता त्यांना वाटतंय की आम्ही गाडी विकून टाकली? की त्यांना त्या आवाजात काहीतरी सापडलं होतं, धरून ठेवायला? की ते नुसतं बोट होतं, आणि बाकी सगळं आम्ही त्याच्यावर चढवलं? ज्याला विचारायचं तो समोर पडलेला आहे, डोळे उघडे आहेत, आणि विचारायला काही मार्ग नाही. इतकी हतबलता बाबांना झटका आला त्या दिवशीही मला वाटली नव्हती. त्या दिवशी निदान धावपळ होती.

शेवटी मी मरोळला फोन केला आणि विचारलं, तो आवाज परत आणता येईल का.

पलीकडे त्याने गॅरेजमधलं चालू मशीन बंद केलं. मग म्हणाला, "ताई, बऱ्या आहात ना?" मी सगळं सांगितलं. त्याने मध्ये तोडलं नाही. जुन्या डब्या भंगारात गेल्या होत्या. नव्या इतक्यात बोलणार नाहीत, तो म्हणाला. मुद्दाम बिघडवायला गेलो तर इंजिनच बसेल, ते काही तो करणार नाही. "तुम्ही करत होता तसं रोज पाच मिनिटं चालू करत राहा. येईल कधीतरी."

"कधीतरी म्हणजे?"

"काही वर्षं," तो म्हणाला, आणि त्यालाही कळलं असावं, कारण लगेच म्हणाला, "सॉरी ताई."

गेल्या महिन्यात बाबांना तपासणीला न्यायचं होतं. आमच्या बिल्डिंगला लिफ्ट नाही, सोसायटीतली चार माणसं त्यांना खुर्चीत बसवून उचलून नेतात आणि आणतात. परत येताना मी त्यांना जिन्याकडे न जाता गाडीकडे वळायला सांगितलं. खुर्ची बॉनेटला लावली. गाडी चालू केली, बाबांचा डावा हात उचलला आणि बॉनेटवर ठेवला. पत्र्याला बारीक थरथर होती, ती त्यांच्या हाताला कळली. त्यांच्या चेहऱ्यावरून मला दिसलं की कळली. गाडी आहे आणि चालू आहे, हे त्यांना समजलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला सुटल्यासारखं झालं.

मग बाबांनी पहिलं बोट उचललं. डोकं किंचित कलतं केलं आणि ते बोट वर धरून ऐकत राहिले. इंजिन सुरळीत चाललं होतं. कुठे काही वाजत नव्हतं, बोट खाली टेकवायला कुठे जागा नव्हती. आम्ही सगळे त्या बोटाकडे बघत उभे होतो, ती चार माणसं, काका, वर गॅलरीत आई. बोट थरथरायला लागलं, तरी बाबांनी ते खाली घेतलं नाही.

"उचलू या का?" त्या चौघांतला एक हळू आवाजात म्हणाला.

मी म्हटलं, "थांबा जरा," आणि बाबांच्या शेजारी उकिडवी बसून मीही इंजिन ऐकत राहिले.